९० तास झाले, गोष्ट मात्र पुढे सरकेना

"गेम आवडतो, पण वेळ फार जातो. सोडवतही नाही आणि संपतही नाही. मला व्यसन लागलंय का?" पूर्वी असा प्रश्न मुलांचे पालक विचारायचे. आता तिशी-चाळिशीतली माणसं तो स्वतःबद्दल विचारतात. नोकरी, घर, मुलं सांभाळून रात्री तास-दोन तास व्हिडिओ गेम खेळणारी माणसं. गेम सोडून द्यावा असं त्यांना वाटत नसतं. गेलेला वेळ सार्थकी लागावा एवढंच हवं असतं, पण तसं म्हणायचाही संकोच वाटतो. "या वयात" हे शब्द बोलण्यात हमखास येतात. अशाच एका बाईंची ही हकीकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

त्या माझ्याकडे आल्या होत्या झोपेची तक्रार घेऊन. झोप लागायला उशीर होतो, सकाळी चिडचिड होते, मुलावर विनाकारण आवाज चढतो. गेमचा विषय काही भेटींनंतर निघाला, तोही चाचरत. मुलगा झोपला की त्या 'द विचर ३' खेळायला बसायच्या. "मॅडम, ९० तास झालेत त्यात. सांगायलाही लाज वाटते."

हा २०१५ साली आलेला, पोलंडमधल्या स्टुडिओने केलेला प्रचंड मोठा गेम आहे. मुख्य कथेलाच ५० तासांच्या आसपास लागतात, आणि नकाशावरचं सगळं करायचं म्हटलं तर १५० तासही पुरत नाहीत. कथेचा गाभा साधा आहे. गेराल्ट नावाचा राक्षसांची शिकार करणारा माणूस सिरी या मुलीला शोधतोय. तिला त्याने लेकीसारखं वाढवलं आहे, आणि आता तिच्या मागे कुणीतरी लागलं आहे.

मी विचारलं, "गोष्ट आत्ता कुठे आली आहे?"

त्या थांबल्या. त्यांना आठवेना. सिरी सापडली होती का, गेराल्ट कुणाला भेटायला निघाला होता, काहीच सांगता येईना. मग विचारलं, "गेल्या आठवड्यात काय खेळलात?" हे मात्र लगेच सांगता आलं. स्केलिगा नावाच्या बेटांच्या भोवती समुद्र आहे, आणि त्या समुद्रावर नकाशात प्रश्नचिन्हं विखुरलेली आहेत. होडी हाकत एकेका चिन्हापाशी जायचं, उडणाऱ्या राक्षसांना बाणांनी पाडायचं, बुडी मारून तस्करांनी लपवलेला माल काढायचा, आणि पुढच्या चिन्हाकडे वळायचं. कित्येक रात्री त्या हेच करत होत्या. "मजा येते का?" यावर उत्तर आलं, "नाही. पण ती चिन्हं तशीच ठेवून पुढे जाववत नाही."

मग मी त्यांना गेममधला सगळ्यात आवडलेला भाग सांगायला लावलं. वेलनच्या दलदलीत एक दारुडा सरदार भेटतो. त्याची बायको आणि मुलगी घर सोडून गेलेल्या असतात, आणि त्यांना शोधता शोधता त्या घरात काय काय घडलं होतं ते एकेक करून उघड होत जातं. त्या सरदाराची कीव करावी की तिरस्कार, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नव्हतं. मी मध्ये एकही प्रश्न न विचारता त्या बराच वेळ बोलत राहिल्या. हा भाग खेळून काही महिने झाले होते, तरी त्यांना संवादसुद्धा आठवत होते, आणि गेल्या आठवड्यातल्या तासांतलं, चिन्हं पुसण्यापलीकडे, काहीही लक्षात राहिलं नव्हतं. आमच्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा इथे ठरली.

आधी व्यसनाचा प्रश्न मिटवायला हवा होता, कारण ती भीती मनात असेपर्यंत माणूस मोकळेपणाने काही तपासू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश केला आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी पाहतात. खेळण्यावर ताबा राहिलेला नाही, आयुष्यातल्या इतर कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा गेम वरचढ झाला आहे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे किंवा वाढतं आहे. हे सगळं साधारणपणे वर्षभर, आणि घर, काम, नाती यांना ठळक धक्का बसेल इतक्या तीव्रतेने व्हावं लागतं. किती तास खेळलं याचा आकडा या निकषांत कुठेच नाही. या बाईंची कामं वेळेवर होत होती, परगावी गेल्या की आठवडाभर गेमची आठवणही येत नव्हती. त्यांना हा विकार नव्हता. ज्यांच्या बाबतीत हे तिन्ही निकष जुळतात, त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. पुढे लिहिलेले उपाय त्यांच्यासाठी पुरेसे नाहीत.

विकार नाही म्हणजे काहीच बिघडलेलं नाही, असंही मी त्यांना म्हटलं नाही. रात्रीची झोप जात होती आणि बदल्यात आनंदही मिळत नव्हता. अशा व्यवहाराची तक्रार वाटणं रास्तच आहे.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. खेळायला बसण्यापूर्वी एक ओळ: आज कशासाठी बसतेय. उठल्यावर दुसरी ओळ: प्रत्यक्षात काय केलं. उत्तरं तीनच प्रकारची असतात. गोष्टीसाठी, म्हणजे पुढे काय होतं ते जाणून घ्यायला. खेळासाठी, म्हणजे लढाईतली चपळाई, कोडं, डावपेच यांच्यासाठी. आणि तिसरं, उरकण्यासाठी. काही आठवड्यांनी वही पाहिली तर पहिल्या ओळीत बहुतेक वेळा "गोष्ट" होतं आणि दुसरीत "उरकणं".

असं का होत होतं? उत्तर त्यांनाच सापडलं. दिवसभराच्या कामानंतर रात्री साडेदहाला गोष्ट झेपत नव्हती. चांगल्या कथेला लक्ष द्यावं लागतं, पात्रांची नावं धरून ठेवावी लागतात, निर्णय घ्यावे लागतात आणि त्याचं ओझंही वाहावं लागतं. प्रश्नचिन्हं यातलं काहीच मागत नाहीत. एक चिन्ह पुसलं की एक छोटं काम पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं, आणि ज्यांचा दिवस अर्धवट कामांत गेलेला असतो त्यांना त्याची ओढ फार असते. पण ते समाधान क्षणभरच टिकतं. आलो होतो गोष्टीसाठी, ती तर मिळाली नाही, म्हणून अजून थोडं, अजून थोडं करत साडेबारा वाजतात. माझ्या अनुभवात मोठ्या खुल्या जगाच्या, म्हणजे नकाशावर हवं तिकडे भटकता येतं अशा गेममधले बरेचसे वाया गेलेले तास असेच जातात. माणूस जास्त खेळतो, कारण ज्यासाठी बसला ते त्याला मिळतच नाही.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. लढाया त्यांना कंटाळवाण्या वाटत होत्या, तरी त्या कठीण पातळीवर खेळत होत्या. धाकट्या भावाने म्हटलं होतं की सोप्यावर खेळणं म्हणजे खेळणंच नव्हे. कठीण लढाया जिंकायला चांगली शस्त्रं लागतात, शस्त्रांना पैसे आणि सामान लागतं, आणि ते प्रश्नचिन्हांपाशी मिळतं. एका टोमण्यापायी तासच्या तास वाढले होते. या गेममधल्या सगळ्यात सोप्या पातळीचं नावच मुळी 'फक्त गोष्ट' अशा अर्थाचं आहे. ज्यांनी गेम केला त्यांनीच ही वाट ठेवलेली आहे. 'सेलेस्ट' हा २०१८ चा उड्या मारत पर्वत चढण्याचा गेम अवघडपणाबद्दल प्रसिद्ध आहे, पण त्यातही वेग कमी करायची, दम न संपण्याची सोय दिलेली आहे. 'हेडीस' या पाताळातून पळून जाण्याच्या गेममध्ये एक सोय सुरू केली की तुम्हाला होणारी इजा सुरुवातीलाच २० टक्क्यांनी कमी होते आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्क्यांनी, थेट ८० पर्यंत. यात कमीपणा कसला? लढाईतच ज्याचा जीव रमतो त्याने कठीण पातळी जरूर घ्यावी. माझ्याकडे एक तरुण यायचा, तो संवाद आणि दृश्यं सरळ पुढे ढकलायचा आणि एकाच शत्रूशी पुन्हा पुन्हा झुंजत राहायचा. त्याला कथा "समजून घे" म्हणणं तितकंच चुकीचं ठरलं असतं.

बाईंनी पातळी बदलली. तरी समुद्र सुटेना. "९० तास घातलेत मॅडम, आता अर्धवट कसं सोडू?"

या वळणावर जवळजवळ सगळेच अडतात. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांचा १९८५ मधला एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत दिली आणि काहींना, कसलाही निकष न लावता, सवलतीत. नाटकं तीच होती. तरी हंगामाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. गेलेला पैसा परत येणार नसतो, तरी तो वसूल करायला आपण पुढचा वेळ खर्च करतो. गेममध्ये पैशांच्या जोडीला तासही मोजलेले असतात. पडद्यावर ते दिसतात, त्यामुळे पकड आणखी घट्ट होते.

मी प्रश्न फिरवून विचारला. "समजा, आज पहिल्यांदाच हा गेम समोर आला. उरलेली गोष्ट एका बाजूला, उरलेली प्रश्नचिन्हं दुसऱ्या बाजूला. कशाला वेळ द्याल?" त्यांनी "गोष्टीला" म्हणायला क्षणही घेतला नाही. समुद्रावरची उरलेली चिन्हं आजही तशीच आहेत.

वेळेचं गणित त्यानंतर सोपं झालं. गोष्ट शनिवारी दुपारी, डोकं ताजं असताना, दोन तास. उठताना वहीत एक ओळ लिहायची: कुठे आहोत, का आलो, आता कुठे जायचंय. ही ओळ क्षुल्लक वाटते, पण आठवडाभराच्या खंडानंतर धागा सापडला नाही की माणूस पुन्हा नकाशावरची चिन्हं पुसायला लागतो. कामाच्या दिवशी रात्री मोठा गेम उघडायचाच नाही. खेळावंसं वाटलं तर ज्याला स्वतःचा शेवट आहे असं काहीतरी. त्यांनी 'हेडीस' निवडला. पाताळातून पळून जायचा एक प्रयत्न साधारण अर्ध्या तासाचा असतो, आणि प्रयत्न फसला तरी घरी परतल्यावर पात्रं नवं काही बोलतात, कथा इंचभर पुढे जाते. गोष्ट आणि खेळ एकमेकांचा वेळ खात नाहीत अशी रचना मला फार मोलाची वाटते. थोड्या वेळात पुरी होणारी कथाही कमी दर्जाची नसते. 'जर्नी' किंवा 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' हे गेम एका संध्याकाळी संपतात. लांबी म्हणजे पैसा वसूल, ही समजूत सोडली तर अशा गेमकडे लक्ष जातं.

नवऱ्याशी काय बोलायचं हाही प्रश्न होता. त्यांना वाटत होतं, त्याला गेमचाच राग आहे. मी त्यांना सरळ विचारायला सांगितलं. तो म्हणाला, "तू खेळ गं, पण किती वाजता येणार ते सांग. मी जागा राहतो." तेव्हापासून त्या बसण्यापूर्वी वेळ सांगतात.

रोज हजेरीचं बक्षीस, दर काही आठवड्यांनी नवा हंगाम, आज नाही घेतलं तर उद्या मिळणार नाही अशी वस्तू, अशा घडणीच्या गेमना मात्र वहीचा उपाय अपुरा पडतो. त्यांना शेवटच नसतो, त्यामुळे "गोष्ट संपली की थांबू" म्हणण्यात अर्थ नाही. तिथे वार आणि वेळ आधी ठरवायची, घड्याळ लावायचं, गेमकडून येणाऱ्या सूचना बंद करायच्या, आणि एखादं बक्षीस जाणूनबुजून चुकवून पाहायचं. तो चुकवलेला दिवस किती जड जातो, त्यावरून पुष्कळ कळतं.

बाईंनी मुख्य कथा पूर्ण केली. या गेमचा शेवट कुठल्या मोठ्या लढाईवर ठरत नाही. सिरीला गेराल्टने काही मोजक्या प्रसंगी कसं वागवलं, तिला तिचे निर्णय घेऊ दिले की नाही, यावर तो ठरतो. त्यांच्या वाट्याला दुःखाचा शेवट आला. दोन दिवस त्या अस्वस्थ होत्या, आणि "बरोबर" उत्तरं शोधून पुन्हा खेळावं का, असं त्यांनी विचारलं. मी वहीतले तेच तीन पर्याय समोर ठेवले. त्या म्हणाल्या, "उरकण्यासाठीच होईल ते. मला जो मिळाला तो माझा शेवट." मग मुलाला आपण काय काय ठरवू देत नाही, यावर त्या स्वतःहून बोलायला लागल्या. तो तास गेमवर सुरू झाला आणि भलतीकडेच गेला.

'ब्लड अँड वाइन' हा याच गेमचा २०१६ चा जोडभाग त्यांनी मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवला आहे. अकराच्या सुमारास आता दिवा बंद होतो. झोपेची तक्रार मात्र पूर्ण गेलेली नाही. तिचं एक मूळ कामाच्या ठिकाणी आहे, आणि सध्या आमच्या भेटी त्यावरच चालू आहेत.