भाकरीने झिजलेली बोटं आणि दुबईचा पोलीस दाखला

प्रश्न : ताई नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते, घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं काम आहे. माझ्या भावाने २००६ ला आमच्यासाठी अमेरिकेत पिटिशन, म्हणजे आम्हाला कायमचं तिकडे नेण्याचा अर्ज, टाकलं होतं, एवढ्या वर्षांनी आता नंबर आलाय आणि कागद मागतायत. मी आणि मिस्टर २०११ ते २०१६ दुबईला होतो, मुलगी तेव्हा लहान होती, आता ती १७ ची आहे, मुलगा १२ चा. दुबईचा पोलीस दाखला, म्हणजे तिथे आमच्यावर गुन्ह्याची नोंद आहे की नाही याचा कागद, लागेल म्हणे. एका एजंटने चौघांचे साठ हजार सांगितलेत. दुसरं म्हणजे २०१४ ला मिस्टरांचा घरभाड्याचा चेक परत गेला, घरमालकाने तक्रार केली, एक रात्र पोलीस स्टेशनला ठेवलं, मग पैसे भरून मिटलं. एजंट म्हणतो ते लिहूच नका. आणि माझ्या बोटांचे ठसे आधारलासुद्धा लागत नाहीत, दुबईवाले कसे घेणार? सासरी नावही बदललंय माझं.

उत्तर : ताई, आधी चेकचं बोलते. बाकीचे कागद वेळ दिला की होतात, हे एकच असं आहे की चुकलं तर मागे फिरता येत नाही. अमेरिकेच्या ऑनलाइन फॉर्मवर, ज्याला डीएस-२६० म्हणतात, सरळ प्रश्न असतो की तुम्हाला कधी अटक झाली होती का, शिक्षा झाली होती का, माफी मिळाली असली तरी सांगा. तिथे 'नाही' लिहिलं आणि पुढे कुठून तरी ते निघालं तर चेक बाजूलाच राहतो आणि खोटं सांगितल्याचा ठपका बसतो, आणि त्या ठपक्याने कायमची बंदी येऊ शकते. भाड्याचा चेक परत गेला एवढ्यावरून व्हिसा आपोआप नाकारतात असं मुळीच नाहीये. त्या काळी यूएईत, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तिथे, चेक परत जाणं म्हणजे फौजदारी गुन्हाच होता, किती आपली माणसं त्यात अडकली, पुढे जानेवारी २०२२ पासून कायदा बदलला आणि खात्यात पैसे नव्हते एवढ्याच कारणावरचे बहुतेक चेक आता फौजदारीत येत नाहीत. तेव्हा मिस्टरांना सांगा, जे झालं ते चार ओळीत तारखेसकट लिहून काढा, पैसे भरल्याची पावती शोधा, केस बंद झाल्याचा कागद तिथून मागवा. अटक झाली असेल तर किती दिवस राहिलात, वय काय होतं, याला काही अर्थ उरत नाही, तिथले पोलिसांचे आणि कोर्टाचे कागद द्यावेच लागतात. 'लिहू नका' म्हणणारा एजंट मुलाखतीला तुमच्या शेजारी उभा राहणार नाहीये, सही तुमची असणार आहे. मला खरंच राग येतो अशा सल्ल्याचा.

आता चौघांचं. अमेरिकेचा नियम असा की वयाची १६ वर्षं झाल्यावर एखाद्या परक्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिलात तर त्या देशाचा दाखला. म्हणजे दुबईचा फक्त तुमचा आणि मिस्टरांचा. मुलगी तिथे असताना लहान होती, तिचा लागत नाही, मुलाचा तर प्रश्नच नाही. साठ हजार कशाचे ते त्यालाच विचारा. भारताचा दाखला मात्र मुलीचाही लागेल कारण आता ती सोळाच्या पुढे आहे.

दुबईचा दाखला तिथल्या पोलिसांच्या वेबसाइटवरून नाहीतर ॲपवरून मागता येतो, फी ऑनलाइन कार्डाने भरायची. देश सोडून आलेल्यांना बोटांच्या ठशांचं कार्ड लागतं, ते इथल्या पोलिसांकडून करून घ्यायचं आणि त्यावर यूएईच्या वकिलातीचा शिक्का हवा. वकिलातीत जायच्या आधी आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का घ्या, त्याशिवाय ते हात लावत नाहीत. तुम्ही शहरात राहता म्हणून पोलीस आयुक्तालयात अर्ज द्या, तालुक्यातल्या वाचकांनी पोलीस अधीक्षक कार्यालयात. अर्जात 'परदेशी पोलीस दाखल्यासाठी ठसे हवेत' असं स्पष्ट लिहा, नाहीतर खिडकीवरचा माणूस पासपोर्टच्याच रांगेत पाठवतो. जुन्या पासपोर्टची व्हिसाच्या पानाची कॉपी आणि एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) असेल तर तो, दोन्ही काढून ठेवा.

ठशांचं तुम्ही लिहिलंत तेव्हा आईच आठवली. तिने तीस वर्षं विड्या वळल्या, आपल्याकडे घराघरात वळतात तशाच, आणि रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा लागायचा नाही, दुकानदार फडक्याने काच पुसायचा, परत दाब म्हणायचा, परत दाब. बोटाची टोकं अशी गुळगुळीत झालेली, उजेडात धरली की चकाकायची. तापल्या तव्यावरची भाकरी रोज बोटांनी उलटणाऱ्या बाईचं तेच होणार. पण ऐका, वरवर झिजलेल्या रेघा परत येतात. कातडी साधारण महिन्याभरात नवी होते, तेवढे दिवस भाकरीचं काम जाऊबाईंकडे नाहीतर मदतनीस बाईकडे द्या, भांड्याचा साबण टाळा, रात्री खोबरेल तेल चोळा. ज्या दिवशी ठसे द्यायचे त्या दिवशी मात्र तेल नको, हात धुऊन कोरडे करून जा. शाई कमी लावायला सांगा, जास्त शाईने रेघांमधल्या फटी भरतात आणि काळा डाग उठतो, आणि बोट नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून घ्यायचं, नुसतं टेकवून नाही. एकाऐवजी तीन कार्डं करून घ्या, एक नापास झालं तर परत खेटे नकोत. हे ठसे घेणारी माणसं जुनी आणि जाणती असतात, त्यांना आधीच सांगा की ताई, माझी बोटं झिजलीत, ते सावकाश घेतात.

नावाचं म्हणाल तर २००६ च्या पिटिशनमध्ये भावाने माहेरचं नाव टाकलंय का सासरचं हे त्याला आजच फोन करून विचारा. लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायची आपली पद्धत तिकडच्या ऑफिसरला माहीत असेलच असं नाही, त्याला दोन वेगळ्या बायका वाटतात. दाखला पासपोर्टवरच्या नावाने काढा, फॉर्ममध्ये 'इतर नावं' विचारतात तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहा, सोबत विवाह नोंदणीचा दाखला लावा.

आणि क्रम असा ठेवा की दुबईचा आधी, इथला शेवटी. इथला पासपोर्ट सेवाच्या साइटवरून अर्ज करून, माणशी ५०० रुपये, पण अमेरिका तो दोन वर्षंच धरते. दुबईचा मात्र तुम्ही परत तिकडे गेला नाहीत तर चालतो. सगळे ओरिजिनल मुंबईच्या मुलाखतीला हातात हवेत, झेरॉक्सवर भागत नाही.

प्रश्न : मी बार्शीचा. बायको कॅनडात पीआर, म्हणजे कायमची रहिवासी, आहे, मला स्पॉन्सर करतेय. मी २०१९ ते २०२१ ब्रिटनमध्ये शिकलो. तिथला दाखला मागवला त्यावर 'नो ट्रेस' लिहून आलंय. मी सापडलोच नाही असा अर्थ होतो का? घरचे घाबरलेत.

उत्तर : घाबरू नका, उलट पेढे वाटा. ब्रिटनचा दाखला ॲक्रो नावाचं ऑफिस देतं आणि 'नो ट्रेस' म्हणजे तुमच्यावर पोलिसांकडे काही नोंदच नाही, यापेक्षा चांगला शेरा नाही. 'नो लाइव्ह ट्रेस' असं असतं तर जुनी काहीतरी नोंद होती, आता मागे पडलीय, असा अर्थ झाला असता. कॅनडाला गेल्या १० वर्षांत जिथे जिथे सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात त्या देशाचा दाखला लागतो, १८ वर्षांच्या आधीचं मोजत नाहीत. ब्रिटनचा तिथून निघाल्यानंतरच्या तारखेचा आहे ना, मग तो झाला. भारताचा मात्र अर्ज भरायच्या दिवशी ६ महिन्यांपेक्षा जुना नको, म्हणून बायकोचे बाकी कागद तयार झाले की मगच काढा, आणि पासपोर्टवर जुना पत्ता असेल तर तो आधी बदलून घ्या, नाहीतर पोलीस चौकशीला बार्शीऐवजी दुसऱ्याच गावच्या घरी जातात.