दहावीतल्या भाच्याला द्यायला, पोट्ट्यांच्या मनातलं सांगणारी मराठी कादंबरी कोणती?

मी तर डोळे झाकून 'शाळा' सांगीन, मिलिंद बोकिलांची, 2004 ची. नववीतला मुकुंद जोशी, आणीबाणीचा काळ, शिरोडकर नावाची मुलगी अन् मित्रांची टोळी, वरवर नुसत्या टवाळक्या वाटतात पण पोट्टं आतून किती हळवं, किती घाबरलेलं आहे ते तो स्वतःच सांगत राहते, अन् आपल्याकडं नेमकं तेच कोणी बोलत नाही ना बाप्पा. आमच्या यवतमाळकडं खेड्यात पोट्टा रडला की एकच वाक्य, "काहून बे, पोरीवानी रडून राह्यला". मी नववीत असताना पोळ्याच्या आठ दिवस आधी आमचा बैल गेला, मी कोठ्यात जाऊन तोंडात दुपट्टा कोंबून रडलो, बाप आला, पाहिलं, अन् काही न बोलता परत गेला. आता वाटते तोही रडायलाच आला असंन.

नेमाडेंची 'कोसला' (1963) पण भारीच, पांडुरंग सांगवीकरची लहान बहीण मनी देवीच्या रोगानं जाते ती पानं वाचताना मी दोनदा पुस्तक मिटवलं. पण ती बारावीनंतर द्या, दहावीतलं पोट्टं सुरुवातीलाच कंटाळंन, अन् शिक्षण सोडून गावी परतणारा हिरो पाहून तुमची ताई तुमच्याच नावानं खडे फोडंन.

'शाळा'वर सिनेमा पण आहे, पण आधी पुस्तकच द्या, मुकुंदाची मनातली बडबड पडद्यावर तेवढी येत नाही.