कोबी मधल्या काळात काय करत होता?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोष्टीतल्या पात्रांची वही मंगळवारी मिळाली आणि दोन रात्रींत वाचून काढली. त्रेपन्न पात्रं! प्रत्येकाची जन्मतारीख, उंची, आवडतं खाणं, शस्त्र, दुखरी बाजू, सगळं आखून लिहिलेलं. बंदरावरच्या रखवालदाराचं चित्र मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. त्याच्या चपलेचा तुटलेला अंगठा तू सुतळीने बांधलेला दाखवलास, तिथे तुझी नजर कळते. आता खटकलं ते सांगते. हा रखवालदार तिसऱ्या प्रकरणात फाटक उघडतो, नायकाला एक वाक्य ऐकवतो आणि संपतो. पुढच्या चाळीस प्रकरणांच्या आराखड्यात त्याचं नावही नाही. त्याची उंची तुला ठाऊक आहे, पण फाटक उघडल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारला का, हे ठाऊक नाही.

‘वन पीस’ ही समुद्री चाच्यांची जपानी कार्टून मालिका (अ‍ॅनिमे) मला तूच बघायला लावलंस, म्हणून त्याच मालिकेतून बोलते. एइचिरो ओडा १९९७ च्या जुलैपासून तिची मूळ चित्रकथा जपानी साप्ताहिकात काढत आहेत. तोएई अ‍ॅनिमेशनची मालिका २० ऑक्टोबर १९९९ ला सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचा हजारावा भाग लागला. एवढ्या काळात तिचा नायक लुफी किती बदलला, सांग बघू. पहिल्या भागात पिंपातून बाहेर पडताना जो होता, तोच तो आहे. भूक तीच, हट्ट तोच, समुद्री चाच्यांचा राजा होणार हे सांगण्याची पद्धतही तीच. सुरुवातीला मला हे कच्चं वाटलं होतं. पुढे लक्षात आलं की नदीच्या घाटावर पुराची पातळी कळायला एक खांब असतो, तसा तो आहे. खांब हलला तर पाणी किती चढलं ते कसं कळणार? चढणारं पाणी म्हणजे त्याच्या आजूबाजूची माणसं. तू मात्र सगळी वाढ नायकाच्या नावावर लिहून ठेवली आहेस आणि बाकीच्या बावन्न जणांना खांब केलं आहेस.

आता कोबीकडे ये. पहिल्याच भागात तो दिसतो. मासे धरायला म्हणून चुकून अल्विडा या चाचीणीच्या जहाजावर चढला आणि दोन वर्षं तिथे फरशा पुसत राहिला, असा घाबरट पोरगा. नौदलात जायचं हे त्याचं स्वप्न, पण तोंडातून शब्द फुटत नाही. तिसऱ्या भागापर्यंत त्याचं काम होतं. लुफी मुद्दाम त्याच्याशी भांडण उकरून काढतो, म्हणजे नौदलाच्या लोकांना हा चाच्याचा दोस्त वाटू नये. होडी निघते तेव्हा कोबी किनाऱ्यावर उभा राहून रडत रडत सलाम ठोकतो. दुसऱ्या कुणा लेखकाने त्याला तिथेच सोडलं असतं, आणि आपण तक्रारही केली नसती.

ओडांनी काय केलं बघ. मूळ चित्रकथेत प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर एक मोठं चित्र असतं. त्या चित्रांतून, मुख्य गोष्टीला धक्का न लावता, त्यांनी कोबी आणि हेल्मेप्पोचं पुढे काय झालं ते आठवड्याला एक चित्र या हिशेबाने सांगितलं. हेल्मेप्पो आठवतो ना? बापाच्या हुद्द्यावर माजलेला तो पोरगा. आता दोघं नौदलाच्या ठाण्यात झाडलोट करतात, लाथा खातात, आणि मग नौदलाचा मोठा अधिकारी गार्प त्यांना तालमीला घेऊन जातो. अ‍ॅनिमेत यावर ६८ आणि ६९ हे दोन पूर्ण भाग आहेत. लुफीकडून हरलेला विदूषक चाचा बगी त्याच्या आधीच ४६ आणि ४७ हे भाग घेऊन गेला होता. नायकाचं जहाज भलत्याच दिशेला असताना मालिका थांबून या सोडून दिलेल्या माणसांकडे वळते, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग शेकडो भाग कोबी नाही. एनिएस लॉबी या सरकारी बेटावरच्या लढाईनंतर तो गार्पबरोबर येतो, उंच, खांदे भरलेला, आणि लुफीला ओळखूच येत नाही. लुफीच्या डोक्यात अजून तो बुटका पोरगाच आहे. गावच्या जत्रेला आठ-दहा वर्षांनी गेल्यावर गल्लीतला शेंबडा पोरगा मिशी फुटलेला समोर यावा आणि ‘काकू, ओळखलंत का?’ म्हणावा, त्या वेळी जे होतं ना आतमध्ये, तेच होतं. तो वाढताना आपण पाहिला नाही म्हणूनच तो वाढल्याचं खरं वाटतं. रोज बघितला असता तर कळलंच नसतं.

आणि मरीनफोर्ड, नौदलाच्या मुख्यालयावरची लढाई. पाचशेव्या भागाच्या थोडं अलीकडे. हा प्रसंग पुन्हा लाव आणि कागद-पेन घेऊन बस. लुफीचा भाऊ एस गेला आहे, त्याला सोडवायला आलेला चाच्यांचा सरदार व्हाइटबीअर्ड उभ्या उभ्या गेला आहे, नौदलाला हवं होतं ते मिळालं आहे, तरी मारणं थांबत नाही. जखमी सैनिक मदत मागत पडले आहेत आणि त्यांचेच साथीदार त्यांना ओलांडून पळणाऱ्यांच्या मागे धावत आहेत. कोबीच्या डोक्यात एकेक आवाज विझत जातो. तो पळत जाऊन नौदलाचा सेनापती अकाइनूच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभा राहतो. डोळ्यांतून, नाकातून पाणी, आणि थांबवा म्हणून ओरडतो. तो लढत नाही, जिंकतही नाही. अकाइनू त्याला मारायला हात उचलतो आणि शँक्स या चाच्याची तलवार आडवी येते. त्या काही सेकंदांत लुफीला घेऊन निघालेल्यांना वेळ मिळतो.

मिका दोई यांनी पहिल्या भागात कोबीला जो चिरका, रडवेला आवाज दिला, तोच इथेही आहे. ताकद आली, छाती भरली, पण रडू गेलं नाही. त्या रडण्याचं कारण मात्र बदललं. आधी स्वतःच्या जिवासाठी रडत होता, आता दुसऱ्यांच्या. तुझ्या वहीतला ‘पात्राचा विकास’ हा रकाना मी वाचला. ‘भित्र्याचा शूर होतो’ असं चौदा जणांपुढे लिहिलं आहेस. कोबीकडे बघ, तो शूर झाल्यावरही भित्राच आहे.

जुनी गोष्ट तशीच ठेवून कारण बदलायचं, हे बॉन क्ले या बहुरूप्याच्या बाबतीतही दिसतं. चेहऱ्याला हात लावला की समोरच्याचं रूप घ्यायचं, ही त्याची कला पहिल्यांदा लुफीच्या जहाजावर नुसती करमणूक म्हणून येते. अलाबास्ता या वाळवंटी राज्यात ती फसवणुकीला वापरली जाते. इम्पेल डाउनच्या तुरुंगात तो त्याच कलेने वॉर्डन मॅजेलनचं रूप घेऊन समुद्रावरचा मोठा दरवाजा उघडायचा हुकूम देतो, मित्र सुटतात आणि तो मागे राहतो. त्याला नवी शक्ती द्यावी लागली नाही. तू मात्र दर दहा प्रकरणांनी प्रत्येकाला नवं शस्त्र देत सुटला आहेस.

लुफीचं जहाज गोइंग मेरी, तिच्यावर थोडं जास्त लिहिते, कारण एक निर्जीव वस्तू पात्र कशी होते ते मला त्या जहाजाने शिकवलं. ग्रँड लाइन या धोक्याच्या समुद्रपट्ट्याच्या तोंडाशी लाबून हा अवाढव्य देवमासा भेटतो, ६२ आणि ६३ व्या भागांत. पन्नास वर्षांपूर्वी त्याला सोडून गेलेले खलाशी परत येतील म्हणून तो डोंगराला डोकं आपटत वाट बघतो आहे. लुफी त्याला शांत करायला काय करतो? स्वतःच्याच जहाजाची डोलकाठी उपटून त्याच्या जखमेत खुपसतो, मग म्हणतो, आपली लढाई अजून संपलेली नाही, मी परत येईन. त्याच्या कपाळावर आपली खूण वेडीवाकडी रंगवतो. आपण लाबूनकडे बघत असतो. डोलकाठी मोडली, ती लुफीचा साथीदार उसॉपने ठोकून-ठाकून परत उभी केली, हे आपण हसून सोडून देतो. पण ती वर्षानुवर्षं तशीच दिसत राहते, पत्रे मारलेली. वॉटर सेव्हन या शहरात जहाज बांधणारे कारागीर तपासून सांगतात, कणाच गेला आहे, आता हे दुरुस्त व्हायचं नाही. आणि उसॉप कोसळतो. कारण जहाज नकोसं झालं की त्या मागोमाग आपला नंबर, हे त्याच्या मनात कधीपासून आहे. त्याच्याइतका कमजोर जहाजावर कोणी नाही. तो लुफीशी लढतो आणि सोडून जातो. एका मोडक्या लाकडातून दोन माणसांची मैत्री फाटली आहे, आणि तयारी दीडशेहून जास्त भाग आधी, एका देवमाशाच्या डोक्यावर झाली होती.

पुढे उसॉप परत यायला बघतो तेव्हा जहाजावरचा दुसरा साथीदार झोरो म्हणतो, आधी माफी मागेल तर घ्यायचं, नाहीतर नाही. झोरो या प्रसंगात काडीचाही बदलत नाही, तरी मला तो तिथे पहिल्यांदा नीट कळला. मोठ्या पात्राची वाढ कधी कधी अशीही असते.

लाबूनची वाट बघणंही वाया जात नाही. ३३७ व्या भागात धुक्यातून एक सांगाडा गाणं म्हणत येतो, ब्रूक. त्या सोडून गेलेल्या ताफ्यातला एकटा उरलेला तोच, ही सगळी कहाणी उलगडायला ३८० वा भाग यावा लागतो. मी तो बघून स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले होते.

आता एक कडू गोष्ट. मी एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहायचे, नाव सांगत नाही. त्यात चाळीतला एक दूधवाला होता, पहाटे जिन्यात सुनेशी दोन वाक्यं बोलणारा. तिच्या माहेरचं पत्र त्याच्याकडे होतं, ते अजून तिला द्यायचं होतं. त्या नटाला दुसरं काम मिळालं आणि मला निरोप आला, ‘त्याला काढा, प्रेक्षक विसरतील.’ मी काढला. पत्राचं काय झालं, ते कुणी कधी बोललं नाही, मीही नाही. दोन वर्षांनी बसमध्ये एका आजींनी मला ओळखून पहिला प्रश्न विचारला, ‘त्या दूधवाल्याने पत्र दिलं का हो शेवटी?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वाद घालायला हवा होता. निदान त्याच्या पोराला एकदा किटली घेऊन जिन्यात पाठवायचं माझ्या हातात होतं.

म्हणून तुला सांगते, ही माहितीची वही कपाटात ठेव आणि किराणा दुकानात असते तशी उधारीची वही कर. कोण पात्र पडद्यावरून जाताना काय बाकी ठेवून गेलं, कुणाचं कुणाकडे काय येणं आहे, एवढंच लिही. कोबीचा सलाम, लाबूनला दिलेला शब्द, मोडलेली डोलकाठी, सगळी येणीच. सगळी वसूल करू नकोस, तेही यंत्रासारखं होतं. पण काय बाकी आहे हे तुला माहीत हवं.

या मालिकेचे दोषही डोळ्यांआड करू नकोस. अ‍ॅनिमे बरीच वर्षं दर आठवड्याला यायचं आणि चित्रकथेच्या पुढे जायचं नाही, म्हणून प्रसंग ताणले जायचे. एक तलवार उपसली की वीस जणांचे चकित चेहरे फिरायचे. आमच्या मालिकांत सासूच्या एका वाक्यावर सगळ्या घराचे चेहरे फिरवतात, तोच प्रकार. चेहरा दाखवला म्हणजे पात्राला जागा दिली, असं समजू नकोस. आणि गोष्टीतल्या दोन वर्षांच्या खंडानंतर, ड्रेसरोझा आणि वानो या देशांतल्या प्रकरणांत, माणसं इतकी झाली की जुन्यांची आबाळ झाली. उसॉपला पुन्हा पुन्हा त्याच भीतीपाशी आणून सोडलं, याचा मला राग आहे. वॉटर सेव्हननंतर त्याचं एवढं देणं होतं.

लुफीबद्दल एक राहिलंच. हा खांब एकदा हलतो. एस गेल्यानंतर बेटावर तो डोकं दगडावर आपटून घेतो, आणि त्याच्याबरोबरचा जिंबे त्याला दाबून धरून विचारतो, गेलेलं मोजू नकोस, तुझ्याकडे उरलं काय आहे? लुफी हाताकडे बघतो आणि एकेक बोट मोजायला लागतो. झोरो, नामी, उसॉप, सांजी... लुफीला बोलतं करणाऱ्या मायुमी तानाका यांचा आवाज तिथे फुटतो. नायकाचा सगळ्यात मोठा क्षण, आणि त्यात नावं सगळी दुसऱ्यांची. आधीच्या शेकडो भागांत ही माणसं आपापल्या पायावर उभी राहिली नसती, तर ती बोटं रिकामीच राहिली असती.

सगळी वही पुन्हा लिहायला घेऊ नकोस. फक्त रखवालदाराचं एक पान लिही. नायक फाटकातून गेला, रात्र झाली, वरिष्ठ आला. त्याने काय विचारलं? रखवालदार खोटं बोलला का? घरी जाताना ती चपल सांधून घेतली, की तशीच ओढत गेला? संवाद पाचाच्या वर नकोत. रविवारपर्यंत पाठव, मी दुपारी घरीच आहे.

तुझी,
ताई