बोरन्हाणातली चॉकलेटे आणि संक्रांतीचा तिळगूळ

प्रश्न : माझ्या मुलाला चौदा महिने पूर्ण झाले असून या संक्रांतीनंतर त्याचे बोरन्हाण करायचे ठरले आहे. मोठ्या मुलीच्या बोरन्हाणात बोरे मूठभर आणि गोळ्या-चॉकलेटे किलोभर असा प्रकार झाला होता, आणि पुढे आठवडाभर घरात तेच चघळणे चालू होते. या वेळी जरा बरा खाऊ ठेवावा असे वाटते. पण सासूबाईंना रीत मोडलेली चालणार नाही आणि जमलेल्या मुलांचाही हिरमोड व्हायला नको. काय ठेवावे आणि काय गाळावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सासूबाई या कामात तुमच्या बाजूच्याच निघतील. बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या आणि हलवा हा बोरन्हाणाचा मूळ ऐवज आहे. गोळ्या-चॉकलेटे त्यात मागाहून शिरली. त्यामुळे ती गाळल्याने रीत मोडत नाही.

मात्र साखरेच्याही आधी काळजी घ्यायची ती बाळाच्या घशाची, आणि या बाबतीत जुना ऐवजही निर्धोक नाही. चौदा महिन्यांच्या मुलाला नीट चावता येत नाही, हाती लागेल ते तोंडात घालण्याचे मात्र त्याचे वय असते. शेंगदाणा, फुटाणा, बोराची बी, रेवडी, हलव्याचा दाणा किंवा कडक गोळी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकते; अडकलेला शेंगदाणा दुर्बिणीने काढावा लागण्याची वेळ बालरुग्णांवर येते, ती याच वयात अधिक. म्हणून बाळाच्या डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या हलक्या हाताने सोडाव्यात, बोरे व उसाचे करवे औक्षणाच्या ताटात शोभेला ठेवावेत, आणि मोठ्या मुलांनी वेचायचा खाऊ पलीकडच्या खोलीत वेगळ्या सतरंजीवर पसरावा. बाळाला पुन्हा जमिनीवर सोडण्यापूर्वी तिथे केरसुणी फिरलीच पाहिजे. हलव्याच्या दागिन्यांचे छायाचित्र काढून झाले की ते लगेच उतरवावेत. बाळ मुकुटाची किंवा हाराची लड सरळ तोंडात घालते आणि दाण्याबरोबर दोरा, तार, जरीचा कागदही पोटात जाण्याची भीती असते.

बाळाच्या स्वतःच्या तोंडी काय द्यावे, असा प्रश्न उरतो. दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर आणि गूळ टाळावा, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. उकडून कुस्करलेले रताळे, मऊ शिजवलेले गाजर किंवा दुधात कुस्करलेल्या बाजरीच्या भाकरीवर चिमूटभर तिळाचे बारीक कूट, एवढा सण त्याला पुरेसा आहे. तीळ पहिल्यांदाच देत असाल तर अगदी थोडे द्यावेत आणि अंगावर पुरळ किंवा ओठांना सूज येते का ते पाहावे, कारण काही मुलांना तिळाची ॲलर्जी असते.

पाच वर्षांवरील मुलांसाठी तर जानेवारीसारखा महिना नाही. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, भाजलेले हरभऱ्याचे घाटे, मटारच्या शेंगा, बोरे, पेरूच्या फोडी, संत्री, स्ट्रॉबेरी आणि मिळाला तर हुरडा, असा खाऊ मुले आवडीने खातात. अट एवढीच की तो डब्यातल्या भाजीसारखा वाढू नये. शेंगा सोलण्यात आणि घाटे फोडण्यात मुलांचे हात गुंततात आणि खाण्याचा वेगही आपोआप कमी होतो, हा त्यातला माझ्या मते सर्वांत मोठा फायदा आहे. भोगीच्या भाजीतले पदार्थ कच्चे-उकडलेले करून एका परातीत मांडले तरी सासूबाईंना ते परके वाटणार नाही.

‘लुटण्या’चा आनंद खाऊवाचूनही देता येतो. हळदीकुंकवाला आपण वाण लुटतोच. तसे मुलांसाठी रंगीत खडू, भोवरा, छोटी वही किंवा मेथी-धण्याच्या बियांची पुडी ठेवावी. दोन वस्तू मात्र कटाक्षाने टाळाव्यात : न फुगवलेले फुगे, कारण ते लहान मुलांच्या घशात घट्ट बसतात, आणि बटणासारखी चपटी बॅटरी असलेली लुकलुकणारी खेळणी. ती बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते.

प्रश्न : नातवंडांना साखरेच्या गोळ्यांऐवजी गुळाच्या वड्या हव्या तितक्या दिल्या तर चालतील का? गूळ पौष्टिक असतो, असेच आम्ही ऐकत आलो आहोत.
— एक आजोबा, सांगली

उत्तर : हव्या तितक्या नाही. गुळात लोह आणि इतर खनिजे थोडीफार असतात हे खरे, परंतु त्याचा बहुतांश भाग साखरच आहे आणि दातांना दोन्हींतला फरक कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशी साखर दिवसाच्या एकूण ऊष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. साडेबाराशे कॅलरींचा आहार घेणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे १५-१६ ग्रॅम, अर्थात सपाट चार चमचे होतात. पंधरा ग्रॅमच्या, निम्मा गूळ असलेल्या वडीने त्यातले जवळपास दोन चमचे संपतात. सकाळचे गोड दूध आणि बिस्किटे धरली की हिशेब तिथेच पूर्ण होतो.

तरीही गोळी आणि वडी यांत निवड करायची तर मी वडीच निवडेन, पण गुळासाठी नव्हे. तिळात आणि दाण्याच्या कुटात स्निग्धांश, प्रथिने व कॅल्शियम असते, त्यामुळे एका वडीने मुलाचे समाधान होते. गोळीने होत नाही. कडक पाकाच्या चिक्कीपेक्षा मऊ लाडू बरा, कारण चिक्कीचा तुकडा दाढेत रुतून बसतो. भाजलेल्या तिळाचे भरड कूट, दाण्याचे कूट आणि बिया काढून वाटलेला खजूर एकत्र मळला, तर फार थोड्या गुळातही लाडू वळतो. तो सुपारीएवढाच वळावा.

प्रश्न : संक्रांतीला मुलगी घरोघरी तिळगूळ द्यायला जाते आणि पिशवीभर चॉकलेटे व हलवा घेऊन येते. ते सारे काढून घ्यावे की शुगर-फ्री गोळ्या देऊन अदलाबदल करावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काढून घेऊ नये, लपवून खाण्याची सवय त्यातूनच लागते. शुगर-फ्री गोळ्यांतल्या सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांसारख्या पदार्थांनी लहान मुलांचे पोट बिघडू शकते, त्यामुळे ती अदलाबदल महागात पडते. दातांच्या दृष्टीने किती खाल्ले याइतकेच किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे असते : गोड तोंडात गेले की जंतू आम्ल तयार करतात आणि त्याचा मारा साधारण अर्धा तास चालतो. दिवसभरात दहा वेळा एकेक हलव्याचा दाणा चघळणे हे जेवणानंतर एकदाच चार दाणे खाण्यापेक्षा वाईट. पिशवीतले दोन पदार्थ मुलीने स्वतः निवडावेत, दुपारच्या जेवणानंतर लगेच खावेत आणि खळखळून चूळ भरावी. रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे तर आलेच. उरलेला हलवा कोरड्या बरणीत बरेच दिवस टिकतो, तेव्हा एकाच आठवड्यात तो संपवण्याची घाई नको.