पेठेत घर बांधताना

भावा, शिवाजी पेठेत जुनं घर पाडून नवं बांधतोयस, तर नकाशाइतकंच शेजारच्या भिंतीकडं लक्ष दे. पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती बऱ्याचदा सामाईक, त्याही मातीच्या. ब्रेकर लावलास की हादरा थेट शेजाऱ्याच्या देवघरात जातो. म्हणून सामाईक भिंतीजवळचं हातानं, छिन्नी-हातोड्यानं वरून खाली उतरव. वेळ लागतो, मजुरी वाढते, तरी तेच कर. पाडण्याआधी शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या भिंतींचे, आधीच्या तड्यांचे फोटो काढ, म्हणजे पुढं वाद होत नाही. आमच्या वेळी मी हे केलं नव्हतं. शेजारच्या काकूंशी वर्षभर बोलणं बंद होतं. अजून वाईट वाटतं.

पाडल्यावर उघडी पडलेली शेजाऱ्याची भिंत पावसाळ्याआधी गिलावा करून झाक. आपल्याकडचा पाऊस मातीची भिंत सोडत नाही.

रात्री १० ते सकाळी ६ मशीन बंदच, आणि दहावी-बारावीची परीक्षा असेल तर दुपारीही विचारून लाव. वाळू-खडी बोळात अर्ध्यापेक्षा जास्त पसरू नको, रिक्षा आणि आजारी माणसाची गाडी निघाली पाहिजे. राडारोडा गटारीत जाऊ देऊ नको. स्लॅबच्या आदल्या दिवशी मात्र घरोघरी स्वतः जाऊन सांग, गवंड्याला पाठवू नको.