कॅम्परव्हॅन घेऊन डोंगरात जाताना: वाचकांचे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की कॅम्परव्हॅनबद्दलची पत्रं वाढतात. यंदा बहुतेकांना हिमालय हवा आहे, काहींना सह्याद्री पुरेसा वाटतो. सगळ्यांना एकच विनंती. कुठं जायचं हे ठरवण्याआधी गाडी केवढी आहे आणि सोबतची माणसं किती उंची सोसू शकतात, हे पाहा. खालची उत्तरं याच दोन गोष्टी धरून दिली आहेत.

प्रश्न (दादर): आम्ही चौघं आहोत. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. मेमध्ये बारा दिवसांची रजा मिळाली आहे. व्हॅन भाड्यानं घेऊन मुंबई ते मनाली, तिथून लेह आणि परत मुंबई असा बेत आहे. हॉटेलं शोधायची नाहीत, वाटेल तिथं मुक्काम करायचा. जमेल का?

नाही जमणार. कारण तुमच्याच आकड्यांत आहे. मुंबई ते मनाली साधारण १,९०० ते २,००० किलोमीटर, पुढे लेहपर्यंत आणखी सव्वाचारशेच्या वर. जाऊन-येऊन ४,८०० धरा. सामानानं भरलेली व्हॅन, सोबत लहान मुलं, म्हणजे दिवसाला ४०० किलोमीटर झाले तरी खूप झाले. बारा दिवस बरोबर गाडी चालवण्यातच जातील. मुलांना डोंगर दिसेल तो खिडकीतून, आणि त्याआधी राजस्थानातल्या मेच्या उन्हात दोन दिवस पत्र्याच्या डब्यात बसावं लागेल. खर्चही बघा. लिटरला १० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं तर नुसतं इंधन ४३,००० रुपयांचं. टोल आणि व्हॅनचं रोजचं भाडं वेगळं.

त्यात मेच्या सुरुवातीला मनाली-लेह रस्ता उघडलेला असेलच असं नाही. वाटेतली बारालाचा ला ही खिंड जवळजवळ ४,९०० मीटरवर आहे आणि तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर. सीमा सडक संघटना बर्फ कापून रस्ता मोकळा करते तेव्हाच तो सुरू होतो, आणि ती तारीख दर वर्षी वेगळी असते. मुलांच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटेतल्या सरचूच्या मुक्कामाची वाटते. मनाली २,००० मीटरवर, सरचू ४,२०० मीटरच्या वर. पुष्कळ जण दुसऱ्याच रात्री तिथं झोपतात. सात वर्षांच्या मुलाचं उंचीमुळे डोकं दुखत असेल तर तो ते नीट सांगत नाही, तो किरकिर करतो, जेवत नाही. आपल्याला वाटतं प्रवासानं कंटाळलाय.

म्हणून चंदीगडपर्यंत रेल्वेनं किंवा विमानानं जा आणि व्हॅन तिथून घ्या, जमलं तर पहाडी चालकासकट. जाण्यायेण्याचे दोन दिवस वगळून दहा दिवस डोंगरात मिळतील. आधी बंजारजवळच्या तीर्थन खोऱ्यात तीन रात्री राहा. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान शेजारीच आहे, नदी आहे, मुलांना चालायला सोप्या वाटा आहेत. तिथून जिभीपर्यंत व्हॅन जाईल, पण पुढे जलोडी खिंडीकडे (सुमारे ३,१०० मीटर) नेऊ नका. चढ इतका उभा आणि रस्ता इतका चिंचोळा आहे की छोट्या गाड्यांचीही दमछाक होते. खिंड पाहायचीच असेल तर स्थानिक टॅक्सी करा.

नंतर नग्गर. मेमध्ये मनाली गावात वाहनांच्या रांगा लागतात. नग्गर बियासच्या दुसऱ्या काठावर आहे, तिथं श्वास घेता येतो. शेवटचे तीन-चार दिवस अटल बोगद्यातून लाहौलमध्ये घालवा. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. रोहतांग खिंडीवर जायला परवाना काढावा लागतो, बोगद्याला लागत नाही. पलीकडे सिस्सू, केलाँग आणि जिस्पा आहेत. जिस्पा ३,२०० मीटरच्या आसपास आहे. मी ते मुद्दाम सुचवतोय, कारण कुणाला बरं वाटेनासं झालं तर काही तासांत तुम्ही पुन्हा मनालीच्या उंचीवर उतरलेले असाल. सरचूहून तसं उतरता येत नाही, वाटेत आधी बारालाचा चढावा लागतो.

प्रश्न (पनवेल): मी आठवड्यातून दोनदा बोरघाटातून गाडी नेतो. पहाडात चालवताना वेगळं काय लक्षात ठेवायचं?

बोरघाटाचा सराव उपयोगी पडेल, पण तिथं उतार काही किलोमीटरांत संपतो. हिमालयात तो दोन-दोन तास चालू राहतो आणि तुमच्या मागे तीन-साडेतीन टनांचं वजन असतं. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा आणि वेग इंजिनाला धरू द्या. पाय सतत ब्रेकवर राहिला की ब्रेक तापतात. ब्रेक ऑईल जुनं असेल, त्यात पाणी मुरलेलं असेल, तर ते उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं. निघण्यापूर्वी ब्रेक ऑईल बदलून घ्या, गॅरेजवाला ‘चालेल अजून’ म्हणाला तरी. उतरताना जळका वास आला तर रुंद जागा बघून अर्धा तास थांबा. तापलेल्या चाकांवर पाणी मात्र ओतू नका.

अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा कायद्याचाच नियम आहे. वळणावर हॉर्न वाजवा. मुंबईत तो उद्धटपणा वाटतो, तिथं तो शिष्टाचार आहे. उंची वाढली की दर हजार मीटरला साध्या इंजिनाची ताकद सुमारे दहा टक्क्यांनी घटते. टर्बो असेल तर कमी जाणवतं, तरी ओव्हरटेकचा अंदाज मुंबईचा ठेवू नका. मनालीहून लेहकडे जाताना तांदीच्या पेट्रोल पंपावर टाकी भरून घ्या. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असा फलकच तिथं लावलेला आहे.

आणि नाले. बर्फ उन्हानं वितळतं, त्यामुळे रस्त्यावरून वाहणारा नाला सकाळी घोट्याएवढा असतो आणि दुपारी चारला गुडघ्याच्या वर जातो. असे नाले सकाळी दहाच्या आत ओलांडा.

प्रश्न (मुलुंड): आम्ही दोघं निवृत्त आहोत, वय ६८ आणि ६४. मला रक्तदाब आहे, गोळी चालू आहे. स्पिती पाहायची फार वर्षांची इच्छा आहे. व्हॅननं जाणं झेपेल का?

इच्छा सोडू नका, वाट नीट निवडा. मनालीकडून कुंझुम खिंडीतून जाणारा रस्ता तुमच्यासाठी नाही. ग्रांफू ते बातल हा पट्टा दगडधोंड्यांचा आहे आणि खिंड साडेचार हजार मीटरच्या वर. शिमल्याकडून किन्नौरमार्गे जा. या वाटेवर उंची हळूहळू वाढते आणि शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. पहिला मुक्काम नारकंडा, मग सराहन, मग कल्पा (सुमारे २,९०० मीटर). कल्पाला दोन रात्री थांबाच. समोर किन्नर कैलासचं शिखर असतं, दिवस वाया गेला असं वाटणार नाही. पुढे नाको ३,६०० मीटरवर आहे. तिथं तळं पाहा, चहा घ्या, पण झोपायला खाली ताबोला जा. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा आहे. त्याच्या मातीच्या भिंतींवरची चित्रं पाहायला सकाळचा निवांत वेळ ठेवा, घाईनं उरकण्यासारखी ती जागा नाही. ताबोला दोन रात्री काढल्यावर काझा, स्पितीतलं मुख्य गाव. परत याच वाटेनं या.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं, रात्र कुठं काढता ते महत्त्वाचं. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर तिथंच थांबा. चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. ती लघवी वाढवते, रक्तदाबाच्या काही गोळ्याही तेच करतात, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी आधी विचारलंच पाहिजे. निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना हा सगळा कार्यक्रम उंचीसकट दाखवा.

व्हॅन मात्र बुटकी घ्या. किन्नौरमध्ये काही ठिकाणी रस्ता खडक कोरून काढलेला आहे आणि कडा डोक्यावर छतासारखा पुढे आलेला असतो. उंच छपराची गाडी तिथं रस्त्याच्या मध्यावर सरकते आणि समोरून बस येते. जूनअखेरच्या आत परत फिरा. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला दरड कोसळून २८ माणसं गेली, ती याच महामार्गावर.

प्रश्न (गिरगाव): जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन स्वतः आत पलंग, ओटा, संडास बसवायचा विचार आहे. मित्र म्हणतात कोण विचारतंय. खरंच काही अडचण येते का?

अपघात झाला की विमा कंपनी विचारते, आणि सगळ्यात आधी तीच विचारते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. उत्पादकानं दिलेल्या रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. घरासारख्या गाडीसाठी ‘मोटर कॅराव्हॅन’ हा वेगळा वर्ग आहे आणि तिच्या बांधणीचं मानकही आहे, एआयएस-१२४. ते पाळणाऱ्या बांधणीवाल्याकडून काम करून घ्या आणि आरसीवर तशी नोंद होईपर्यंत लांबचा प्रवास करू नका. उचलून ठेवता येणारा पलंग, सुटी शेगडी, सुटी बॅटरी एवढ्यावर भागत असेल तर त्याहून उत्तम.

गिरगावात राहता म्हणून आणखी एक. गाडी रात्री कुठं उभी राहणार? टॉवरच्या तळघरात उंच छप्पर आत जात नाही, यांत्रिक पार्किंगमध्ये तर नाहीच. जागेचं लेखी ठरल्याशिवाय गाडीचा इसार देऊ नका.

प्रश्न (वसई): व्हॅन चालवायला वेगळं लायसन लागतं का? भाड्यानं घेताना काय पाहावं?

एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन पुरतं. नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यावरचा वाद मिटला. स्वतः चालवायला भाड्यानं देणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्यानं देत असेल तर घेऊ नका.

प्रश्न (बोरिवली): आमच्याकडे आठवडाभर बाहेरचं जेवण कुणालाच चालत नाही. व्हॅनमध्ये रोजचा स्वयंपाक होईल? आणि संडासाची सोय कशी असते?

होईल, पण कूकर घेतल्याशिवाय निघू नका. साडेतीन हजार मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांना उकळतं, त्यामुळे तुरीची डाळ उघड्या पातेल्यात तासभर ठेवली तरी दाताखाली लागते. मुगाची डाळ, पोहे, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला न्या. भाजी वाटेत छान मिळते. शेगडी पेटवताना दोन खिडक्या समोरासमोर उघड्या हव्यात, गाडी चालू असताना सिलिंडर बंद आणि उभा बांधलेला हवा. थंडी वाजते म्हणून दारं लावून आत शेगडी किंवा कोळसा ठेवून झोपणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतलं माणूस जागंच होत नाही. त्याची सूचना देणारं छोटं यंत्र मिळतं, ते लावून घ्या.

व्हॅनमधला संडास म्हणजे खाली एक टाकी. ती दोन-तीन दिवसांत भरते, आणि ती रिकामी करायची अधिकृत जागा आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. नाल्यात ओतू नका. खालचं गाव तेच पाणी पितं. मुक्कामाच्या होमस्टेला आधी फोन करून विचारा, पैसे द्या, त्यांच्या संडासात रिकामी करा. रासायनिक द्रव कमीत कमी वापरा, कारण तिकडच्या शोषखड्ड्यांना तो झेपत नाही. भांडी घासायला राख किंवा साधा साबण पुरतो. आणि घरून निघालेलं प्लॅस्टिक घरी परत आणायचं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

प्रश्न (विलेपार्ले): आम्ही दोघी मैत्रिणी जाणार आहोत. रात्री गाडी कुठं उभी करणं सुरक्षित?

गावातल्या होमस्टेच्या अंगणात. दोनतीनशे रुपये देऊन पाणी, संडास आणि शेजार मिळतो. निर्जन सुंदर जागा सकाळच्या चहासाठी ठेवा. दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचा, म्हणजे जागा आवडली नाही तर उजेडात बदलता येते. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा.

नदीच्या पात्रात कधीच नाही, कितीही कोरडं दिसलं तरी. जून २०१४ मध्ये मंडीजवळ थलौटला धरणातून सोडलेलं पाणी अचानक आलं आणि बियासमध्ये उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पाऊस नव्हता. ताज्या पडलेल्या दगडांच्या कड्याखालीही नको. स्पितीतल्या चंद्रतालला तळ्याच्या काठावर मुक्कामाला बंदी आहे, तंबूंची जागा अलीकडे आहे, आणि शेवटचा रस्ता पाहता व्हॅन तिकडे न नेणंच बरं. लडाखला जाणार असाल तर पोस्टपेड सिम घ्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथं चालत नाही.

प्रश्न (कल्याण): आम्हाला चारच दिवस मिळतात. एवढ्यासाठी हिमालय नको. जवळ कुठं व्हॅन घेऊन जाण्यासारखं आहे?

भंडारदरा. कसारा घाटातून घोटीमार्गे तिथल्या शेंडी गावात जा. मेच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिथं काजवे असतात. हिरडा, बेहडा, अर्जुन, जांभूळ या झाडांवर हजारो काजवे एका लयीत लुकलुकतात आणि झाड पेटल्यासारखं दिसतं. ते पाहायला व्हॅननं जाणाऱ्यांवर मात्र मोठी जबाबदारी आहे. काजव्याचा उजेड हा जोडीदाराला दिलेला इशारा असतो, आणि आपल्या हेडलाइटमध्ये तो दिसत नाही. दर वर्षी शनिवारी रात्री जंगलाच्या रस्त्यावर गाड्यांची माळ लागते, दिवे चालू, इंजिनं चालू. हे पाहून मला फार वाईट वाटतं.

तुम्ही व्हॅन शेंडीत ठेवा. जलाशयाभोवतीचा रस्ता अरुंद आहे, तिथं मोठी गाडी आडवी आली की सगळ्यांची वाट अडते. गावातली जीप आणि गावातलाच वाटाड्या घ्या, झाडांपासून लांब उतरा, पुढे पायी जा. टॉर्चला लाल कागद लावा, मोबाइलचा फ्लॅश बंद. काजवे बाटलीत भरायचे नाहीत, झाडाखालचं गवत तुडवायचं नाही, माद्या तिथं जमिनीवर असतात.

दिवसा रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण पाहा. सांदण दरीत पावसाचे ढग असतील तर उतरू नका. दुपारी व्हॅन सावलीत उभी करा, नाहीतर रात्री नऊपर्यंत पत्रा गरम राहतो. सोमवार ते गुरुवार असे चार दिवस मिळत असतील तर तेच घ्या, आणि पहाटे पाचला कल्याण सोडा, म्हणजे कसारा घाट ऊन चढायच्या आत मागे पडेल.