मुलीचे मानसशास्त्र आणि वडिलांचा विमा

कराडहून एका वाचकांनी लिहिले आहे: "माझे वय 47. खासगी कारखान्यात लेखा विभागात आहे, हातात महिना 72 हजार येतात. पत्नी गृहिणी, धाकटा मुलगा आठवीत. मुलगी बारावी झाली असून तिला पुण्यातील एका खासगी विद्यापीठात मानसशास्त्रात बी.ए. करायचे आहे. फी, वसतिगृह आणि खानावळ धरून वर्षाला पाच लाख. तीन वर्षांनी ती समुपदेशन केंद्र सुरू करेल आणि एम.ए. बाहेरून करेल. माझ्याकडे 14 लाखांच्या मुदत ठेवी आहेत. शैक्षणिक कर्ज घ्यावे की ठेवी मोडाव्यात? तिच्या पुढील शिक्षणासाठी बँकेच्या सल्ल्याने नुकतीच एक पॉलिसी घेतली आहे, वर्षाला दोन लाख, दहा वर्षे, त्यामुळे ती चिंता नाही."

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी देणारच आहे. पण आपण ज्या गोष्टीची चिंता नाही असे म्हणता, तिथूनच मला सुरुवात करावी लागेल, कारण ती पॉलिसी परत करायला मुदत आहे आणि ती सरत चालली आहे.

मी मागितल्यावर आपण पॉलिसीच्या पानांचे फोटो पाठवलेत. त्यातल्या लाभांच्या तक्त्यात दोन रकाने आहेत, एक 4 टक्के परतावा गृहीत धरून आणि दुसरा 8 टक्के. दुसऱ्या रकान्यातल्या 33 लाखांभोवती निळ्या पेनाने गोल काढलेला आहे. शेजारच्या रकान्यात तीच रक्कम 24 लाख आहे आणि तिच्याभोवती काहीही नाही. हे दोन्ही आकडे केवळ उदाहरणादाखल असतात, त्यांची हमी नसते, हे त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले आहे. तरीही गोल केलेला आकडा खरा मानू. दहा वर्षांत आपण 20 लाख भरणार आणि पंधराव्या वर्षाअखेर 33 लाख मिळणार, म्हणजे वार्षिक परतावा पाच टक्क्यांच्याही आत. हेच हप्ते सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या सध्याच्या 7.1 टक्के दराने वाढले असते, तर सुमारे 42 लाख झाले असते. 24 लाखांचा रकाना खरा ठरला, तर परतावा दोन टक्क्यांनाही पोहोचत नाही.

याहून गंभीर बाब वेगळीच आहे. मुलगी आज 18 वर्षांची आहे आणि पैसे येतील तेव्हा ती 33 वर्षांची असेल. तिचे शिक्षण पुढच्या सहा-सात वर्षांत व्हायचे आहे, आणि नेमक्या त्याच वर्षांत ही पॉलिसी आपल्याकडून दरवर्षी दोन लाख घेऊन जाणार आहे. शिक्षणाच्या नावाने विकलेली ही योजना शिक्षणाच्याच पैशांवर हात टाकते. समोर बारावी झालेल्या मुलीचे वडील बसलेले असताना ज्या अधिकाऱ्याने हा कागद सहीसाठी पुढे केला, त्याने मुलीचे वयसुद्धा विचारात घेतले नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आता पहिल्या पानावरची विमित व्यक्तीची चौकट पाहा. तिथे मुलीचे नाव आहे. या घरातली एकमेव मिळकत आपली आहे, आणि आपल्या जिवावर आहे ती तीन लाखांची एक जुनी पॉलिसी. उद्या आपल्याला काही झाले तर पत्नीच्या हाती तीन लाख, जे काही ठेवींत उरले असेल ते आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम येईल. समोर दोन मुलांचे शिक्षण असेल आणि शिवाय या नव्या पॉलिसीचे उरलेले हप्ते. विमा मिळवत्या माणसाचा काढायचा असतो, इतकी साधी गोष्ट त्या टेबलावर कोणी आपल्याला सांगितली नाही.

सुदैवाने यातून बाहेर पडण्याची वाट अजून उघडी आहे. पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती कारण देऊन परत करता येते, आणि आपल्याकडे तो येऊन 12 दिवस झाले आहेत. किरकोळ जोखीम-हप्ता (तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाची किंमत), मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा होऊन बाकीची रक्कम परत मिळते. अर्ज लेखी द्या आणि तो बँकेतल्या त्या अधिकाऱ्याकडे न देता विमा कंपनीच्या शाखेत द्या, ईमेलही करा आणि शिक्का मारलेली पोच घ्या. "एक वर्ष थांबा, मग बघू" असे सांगणारा फोन नक्की येईल. त्याला होकार देऊ नका, कारण 30 दिवसांनंतर हातात उरते ते केवळ समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर मिळणारी रक्कम, आणि सुरुवातीच्या वर्षांत ते भरलेल्या रकमेच्या मानाने फार तोकडे असते. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' संकेतस्थळावर तक्रार करता येते, आणि त्यानंतरही दाद मिळाली नाही तर पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे.

पॉलिसी परत केल्यावर आधी स्वतःच्या नावाने, वयाच्या 60 वर्षांपर्यंतचा, एक कोटीचा निव्वळ मुदत विमा घ्या, म्हणजे केवळ मृत्यू झाल्यास कुटुंबाला रक्कम देणारा विमा. निर्व्यसनी आणि निरोगी असाल तर ढोबळमानाने वर्षाला 25 ते 35 हजार लागतील. प्रकृतीची माहिती अर्जात खरी आणि पूर्ण भरा.

आता मानसशास्त्राकडे वळू. विषयाची निवड चांगली आहे आणि मुलीला त्यापासून परावृत्त करण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. मात्र या शिक्षणाचा जिना नीट समजून न घेता पैसे लावले, तर ते पहिल्याच पायरीवर संपतात. बी.ए. ही या व्यवसायाची सुरुवात आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मध्ये चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) व्याख्या दिलेली आहे, आणि तिथे पदव्युत्तर पदवीनंतर रुग्णालयीन प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हा एक प्रमुख मार्ग आहे. त्यासाठी संस्था भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली हवी आणि नंतर परिषदेकडे नोंदणीही हवी. बंगळुरूची निम्हान्स किंवा रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था यांसारख्या ठिकाणी जागा मोजक्या आणि प्रवेशपरीक्षा कठीण असते. पदवीची तीन, एम.ए.ची दोन आणि ही दोन अशी सात वर्षे धरा. या शेवटच्या टप्प्यातील अभ्यासक्रमांची नावे आणि रचना सध्या बदलत आहेत, म्हणून त्या वेळी परिषदेची ताजी यादी पाहूनच प्रवेश घ्यावा. समुपदेशन, शाळा किंवा कंपन्यांतील मनुष्यबळ विभाग या दिशेने जायचे असेल तर वाट थोडी जवळची आहे, पण तिथेही एम.ए. नसलेल्या मुलीला फार तर साहाय्यकाचे काम मिळते. तीन वर्षांच्या पदवीवर केंद्र काढण्याचा विचार मनातून काढून टाका. त्रासात असलेली माणसे तिच्यासमोर येऊन बसणार आहेत, आणि त्यांच्यावर तिने पर्यवेक्षणाखालील प्रशिक्षणाविना हात आजमावू नये. एम.ए. बाहेरून करण्याचा बेतही आता चालणार नाही, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. म्हणजे एम.ए.ची दोन वर्षेही पूर्णवेळ आणि बहुधा घराबाहेर राहूनच होतील, आणि आपल्या हिशेबात तो खर्च धरलेलाच नाही.

आता कर्जाचे पाहू. तीन वर्षांत 15 लाख, 11 टक्के दराने. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहते. ते साधारण पाच लाख होते. 20 लाखांवर दहा वर्षांचा हप्ता साडेसत्तावीस हजारांच्या आसपास येईल, आणि तो सुरू होईल तेव्हा मुलगी एम.ए.च्या वर्गात बसलेली असेल. पुढील शिक्षणासाठी बँक मुदत वाढवून देऊ शकते, परंतु तेवढा काळ व्याजही वाढतच जाते. म्हणजे हप्ता आपणच भरणार, तोही आपण पन्नाशी ओलांडल्यावर आणि धाकट्याची पदवी तोंडावर असताना. व्याजावरच्या आयकर सवलतीसाठी हे कर्ज घ्या असे कोणी सांगितले, तर ती सवलत केवळ जुन्या करप्रणालीत मिळते हे त्याला सांगा.

माझा सल्ला असा आहे की, या टप्प्यावर कर्जही नको आणि पाच लाखांचे वर्षही नको. पुण्यात फर्ग्युसन किंवा स. प. महाविद्यालयासारख्या अनुदानित महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकवले जाते, आणि तिथली फी खासगी विद्यापीठाच्या मानाने अगदी थोडी असते. राहणे-जेवणे धरून वर्षाला पावणेदोन लाख, म्हणजे तीन वर्षांचे साधारण पाच लाख होतील. पॉलिसीचे दोन लाख परत आल्यावर आपल्याकडे 16 लाखांच्या आसपास असतील. त्यातले पाच लाख पदवीसाठी दरवर्षी एक मोकळी होईल अशा तीन ठेवींत विभागा, तीन लाख अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा, आणि उरलेले आठ लाख एम.ए. व पुढच्या प्रशिक्षणासाठी हात न लावता राखा. हे पैसे चार-सहा वर्षांत लागणार असल्याने त्यांना शेअर बाजारात नेऊ नका. विम्याचा हप्ता दर महिन्याच्या बचतीतून भागेल, आणि त्यातून जे उरेल ते आपल्या निवृत्तीसाठी आणि धाकट्यासाठी आहे. शेवटच्या टप्प्यावर, नामांकित आणि मान्यताप्राप्त संस्थेत जागा मिळाली आणि पैसे कमी पडले, तर त्या वेळी पाच-सहा लाखांचे कर्ज खुशाल घ्या. तेव्हा ते फेडणारी पदवी जवळ आलेली असेल.

अनुदानित महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या तारखा आजच पाहा. खासगी विद्यापीठ जागा राखण्यासाठी आगाऊ रक्कम मागत असेल तर ती परत मिळण्याच्या अटी वाचल्याशिवाय भरू नका. हा सारा हिशेब मुलीलाही दाखवा. तिचे सात वर्षांचे शिक्षण आहे, तिला आकडे माहीत असायला हवेत. पण त्याआधी, उद्या सकाळी, विमा कंपनीच्या शाखेत जा आणि पोचेवरच्या शिक्क्यात तारीख नीट उमटली आहे की नाही ते तिथेच पाहून घ्या.